अवघड जागेचं दुखणं आणि वयाचा दाखला

‘तो म्हाताऱ्या बायकांचा आजार आहे.’ व्हल्वाच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे जे काही थोडंफार बोललं जातं ते या वाक्यानं सुरू होतं आणि बहुतेकदा तिथंच संपतं. व्हल्वा म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियाचा बाहेरून दिसणारा भाग. दोन्ही बाजूंचे ओठ, शिश्निका, लघवीच्या आणि योनीच्या तोंडाभोवतीची त्वचा, हे सगळं त्यात आलं. घरोघरी ‘खालची जागा’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती हीच. आता हे वाक्य खोटं आहे का? नाही. कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात ते थोड्याफार फरकानं सापडेल. माझं भांडण वाक्याशी नाही, त्याला ज्या कामाला जुंपलं जातं त्या कामाशी आहे. चाळिशीतली बाई खाजेची किंवा गाठीची तक्रार घेऊन गेली की तिला सांगतात, ‘हे तुमच्या वयात नसतं.’ सत्तरीतली गेली की सांगतात, ‘या वयात असं व्हायचंच.’ एकाच वाक्याच्या जोरावर दोघींची बोळवण होते, आणि दोघींपैकी एकीलाही टेबलावर घेऊन, दिवा लावून, नीट तपासलेलं नसतं.

पूर्वपक्षाचं देणं आधी देऊन टाकू. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या माहितीनुसार तिथं या कॅन्सरचं निदान होताना बाईचं सरासरी वय ७०च्या आसपास असतं. निम्म्याहून जास्त रुग्ण सत्तरी ओलांडलेल्या, पन्नाशीच्या आतल्या २० टक्क्यांहूनही कमी. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण १,४०० बायकांना हा आजार होतो आणि तिथंही वय चढेल तसं प्रमाण चढत जातं. आजार दुर्मीळ आहे हेही खरं. स्त्रीच्या जननसंस्थेच्या सगळ्या कॅन्सरांत याचा वाटा शेकडा चार-पाच. २०२०च्या जागतिक अंदाजात याचे नवे रुग्ण सुमारे ४५ हजार होते आणि मृत्यू १७ हजारांवर. त्याच वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या नव्या रुग्णांचा आकडा सहा लाखांच्या घरात होता. आणि खाज म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तर शंभरदा सांगायला हवं. खाजेमागे बुरशी असते, वाढलेली साखर असते, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असतो, इसब असतं, नव्या साबणाची ॲलर्जी असते. ‘बायकांना उगाच घाबरवू नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांशी इथवर माझं काहीच वाकडं नाही.

वाकडं येतं ते पुढे. सरासरी वय सत्तर म्हणजे निदानाच्या दिवशीचं वय सत्तर. आजार कधी सुरू झाला हे तो आकडा सांगत नाही. कागदावर कधी चढला एवढंच सांगतो. त्याच अमेरिकन माहितीतली पुढची ओळ फारशी कुणी वाचत नाही. ज्या बायकांच्या त्वचेतल्या पेशी बिघडल्या आहेत पण अजून खोल घुसलेल्या नाहीत, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची अवस्था आहे, त्यांचं सरासरी वय याहून सुमारे २० वर्षांनी कमी आहे. पन्नाशीच्या आगेमागे. यावरून कुणी लगेच गणित मांडेल की पन्नाशीत पेशी बिघडतात आणि सत्तरीत त्याच बाईला कॅन्सर होतो. तेही इतकं सरळ नाही.

या कॅन्सरकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत, आणि सरासरी काढणारा त्या दोन्हींवरच्या बायकांना एका रांगेत उभं करतो. पहिली वाट एचपीव्ही या विषाणूची, मुख्यतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असतो तोच हा. या वाटेवरची बाई तुलनेनं तरुण असते. तिच्या त्वचेवर एकाहून जास्त ठिकाणी डाग किंवा उंचवटे दिसू शकतात, आणि कॅन्सरपूर्व अवस्था बरीच वर्षं टिकते, म्हणून ती सापडतेही. दुसऱ्या वाटेवर विषाणूचा काही संबंध नाही. तिथं आधी असतो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग, वर्षानुवर्षं धुमसणारा दाह, मग पेशींवर राखण ठेवणाऱ्या पी-५३ या जनुकात बिघाड, आणि मग कॅन्सर. इथली कॅन्सरपूर्व अवस्था थोडा काळ टिकते, डोळ्यांना किरकोळ वाटते, सूक्ष्मदर्शकाखालीही चकवते, आणि कॅन्सरमध्ये बदलण्याचं तिचं प्रमाण पहिलीपेक्षा बरंच जास्त असतं. म्हाताऱ्या बायकांचे बहुतेक कॅन्सर या दुसऱ्या वाटेनं येतात. म्हणजे हाताशी वेळ जास्त असतो तो तरुण बाईच्या, आणि कमी असतो तो म्हातारीच्या. आपण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो ते नेमकं म्हातारीला.

लायकेन स्क्लेरोससवर जरा रेंगाळायला हवं, कारण सगळी हातची संधी तिथंच आहे. हा रोग पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो, कधीकधी लहान मुलींतही. सुरुवात खाजेनं होते आणि खाज रात्री वाढते. दिवसभर कामाच्या रगाड्यात विसरलेली खाज अंथरुणाला पाठ टेकली की उठते, झोपेत नखं लागतात, सकाळी लघवीला बसलं की चिरा झोंबतात. त्वचा पांढरी पडते, पातळ होते आणि चुरगळून पुन्हा उलगडलेल्या बटर पेपरसारखी दिसायला लागते. मधेच रक्ताचे बारीक ठिपके उठतात. पुढे आतले ओठ झिजत झिजत बाहेरच्या ओठांत विरून जातात, शिश्निका त्वचेखाली गाडली जाते, योनीचं तोंड आवळतं. हे व्हायला वर्षं लागतात, आणि त्या सगळ्या वर्षांत कुणीही वाकून पाहिलं असतं तर पांढरेपणा दिसला असता. कुणी पाहिलंच, तर ‘कोड आलंय’ म्हणून विषय झाकला जातो. घरात लग्नाची नात असेल तर जास्तच घट्ट. कोडात नुसता रंग जातो, त्वचेचा पोत तसाच राहतो आणि खाज सहसा नसते, हा फरक सांगायला त्वचारोगतज्ज्ञच लागतो असं नाही. पण पाहायला कुणीतरी लागतं.

लायकेन झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण दोन ते पाच जणींना पुढे कॅन्सर होतो. म्हणजे निदान पंच्याण्णव जणींना होत नाही, ही दिलाशाची बाजू. दुसरी बाजू अशी की हे दोन-पाचही आपण निमूट सोसावेत असं नाही. सिडनीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ५०७ बायकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. सांगितल्याप्रमाणे स्टिरॉइडचं मलम नियमित लावणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. धरसोड करणाऱ्या १५० जणींत सात जणींना आढळली. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय मलमालाच देणं घाईचं होईल. नेमानं मलम लावणारी बाई नेमानं तपासायलाही येते. पण तोच तर मुद्दा आहे. ज्या आजाराचं नाव कळलंय, ज्यावर नजर आहे, तो सहसा हाताबाहेर जात नाही.

आता याच मलमाची दुसरी गोष्ट. मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बुरशीवरचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरकस स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण हातात पडतं. घरातली म्हातारी स्वतः दुकानात जात नाही. ती नातवाला पाठवते, आणि ट्यूब कुणाला हवी, कुठं लावायची, हे नातवाला सांगत नाही. दुकानदार विचारतो, ‘गजकर्ण आहे का?’ नातू म्हणतो, ‘असेल.’ ट्यूब लावली की आठवड्यात खाज बसते, कारण स्टिरॉइड बहुतेक प्रकारची खाज बसवतं. ट्यूब संपली की खाज परत, आणि नातू परत दुकानात. निदानानंतर लावलं तर हेच औषध राखण करतं, निदानाऐवजी लावलं तर झाकण घालतं. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ या म्हणीतल्या बाईची अडचण निदान एका जावयापुरती होती. आता दुकानदार, नातू, न तपासता चिठ्ठी लिहून देणारा कोपऱ्यावरचा डॉक्टर, सगळेच जावई.

‘वय झालं की खाज येणारच’ या म्हणण्याला थोडा आधार आहे. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर त्वचा कोरडी पडते, नाजूक होते. पण कोरडेपणानं पांढरा चट्टा उठत नाही, गाठ येत नाही, महिनोन्महिने न भरणारी जखम होत नाही, एकाच ठिकाणचं रक्त अंतर्वस्त्राला लागत नाही. ‘वय’ हे निदान नव्हे. सत्तरीतल्या माणसाच्या छातीत दुखलं तर आपण ‘वय झालं’ म्हणून ईसीजी टाळत नाही. उलट वय झालं म्हणून आधी काढतो. तेच तर्कशास्त्र कमरेखाली आल्यावर उलटं का होतं, याचं उत्तर वैद्यकात नाही, आपल्या संकोचात आहे.

आणखी एक समजूत खास आपल्या मातीतली. ‘माझी पिशवी काढलीय, मला आता काय व्हायचंय?’ महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, हे वाक्य ऐकलं नसेल असा डॉक्टर विरळा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, चर्चा झाली ती मुख्यतः त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का याची. ती व्हायलाच हवी होती. पण तिशी-पस्तिशीत पिशवी गमावलेल्या या बायका उद्या साठीला पोचतील, तेव्हाचं काय? गर्भाशय काढल्यानं व्हल्वाची त्वचा कुठं जात नाही. जातं ते तपासणीचं निमित्त. पाळीची तक्रार नाही, अंगावरून जाणं नाही, गर्भाशयमुख नाही, मग स्त्रीरोगतज्ज्ञाची पायरी चढायची कशासाठी? अंडाशयही काढलेलं असेल तर कोरडेपणा पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होतो, आणि पुढच्या प्रत्येक खाजेला चिकटवायला एक तयार कारण मिळतं.

तरुण बाईच्या वाटेला वेगळंच येतं. तिला ‘तुमच्या वयात नसतं’ हे ऐकवून झाल्यावरही गाठ हटली नाही आणि तपासणीत एचपीव्ही निघाला, तर आजाराच्या आधी चारित्र्याची चौकशी होते. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतो, बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो, आणि एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. तंबाखूचा धूर, एचआयव्ही, मूत्रपिंड बदलल्यानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यांनी धोका वाढतो. यात चालचलणुकीचा निकाल कुठं आला? र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले अंगावर घेऊन, या अवयवांविषयी मराठीत सरळ लिहीत होते. त्याच मराठीत आज एखादी शिकलेली मुलगी डॉक्टरला ‘तिकडे थोडं काहीतरी झालंय’ एवढंच सांगू शकते, आणि डॉक्टरही त्यापुढे विचारत नाही.

तरुणींमधलं या कॅन्सरचं प्रमाण नगण्य म्हणून सोडून देण्यासारखं नाही. अमेरिकेत १९७३ ते २००० या काळात व्हल्वाच्या त्वचेपुरत्या मर्यादित, न पसरलेल्या कॅन्सरच्या नोंदी ४११ टक्क्यांनी वाढल्या. घुसलेल्या कॅन्सरच्या २० टक्क्यांनी. पहिल्या वाढीतला काही भाग तपासण्या वाढल्याचा असेल, सगळा नसेल. एचपीव्हीच्या वाटेवर नाकाबंदी करता येते. गार्डासिल या लसीला अमेरिकेत २००८ मध्ये व्हल्वा आणि योनीच्या कॅन्सरच्या प्रतिबंधासाठीही मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि तिच्यातही १६ क्रमांकाचा प्रकार आहे. तरी पालकांना ती ‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस’ एवढीच माहीत असते. पण लसीचा दुसऱ्या वाटेवर काही उपयोग नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष मोठा मजेदार आहे: लस जितकी यशस्वी होईल तितके तरुणींचे कॅन्सर घटतील, उरलेल्या रुग्णांचं सरासरी वय वर सरकेल, आणि ‘म्हाताऱ्या बायकांचा आजार’ हे वाक्य आजच्याहून जास्त खरं होईल. त्या वेळी ते ऐकून खांदे उडवायचे की म्हाताऱ्या बायकांना तपासायला लागायचं, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

भारतीय रुग्णालयांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींत रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य आकड्याहून कमी दिसतं, पन्नाशीच्या उत्तरार्धात किंवा साठीच्या आसपास. लगेच कुणी म्हणतं, आपल्याकडे हा आजार लवकर होतो. थांबा. आपली लोकसंख्याच तरुण आहे. प्रत्येक वयाला धोका पाश्चात्त्य देशांइतकाच धरला, तरी ज्या समाजात ऐंशीच्या बायका कमी आणि पन्नाशीच्या जास्त, तिथं रुग्णांचं सरासरी वय खालीच येणार. दुसरं, परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत कोण पोचतं? पन्नाशीतल्या बाईला मुलगा सुट्टी काढून घेऊन येतो. अठ्ठ्याहत्तरीच्या आजीला एसटीनं, मग लोकलनं, मग रांगेत उभं करून कोण आणणार? ती गावातच राहते आणि तिचं वय कुठल्याच सरासरीत धरलं जात नाही. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कॅन्सरची लोकसंख्याधारित नोंदणी चालते, आणि ती चालवणाऱ्यांची चिकाटी थोर आहे. पण ज्या दुखण्याकडे कुणी पाहिलंच नाही त्याची नोंद ते तरी कुठून करणार?

पूर्वपक्षाचा सर्वांत सभ्य, म्हणून सर्वांत घातक युक्तिवाद अजून बाकी आहे. ‘या वयात कशाला चिरफाड? राहू दे सुखानं.’ यामागे एक जुनी, खरी भीती आहे. १९१२ मध्ये फ्रान्सच्या बासे यांनी आखणी केलेली, पुढे अमेरिकेत टॉसिग आणि इंग्लंडमध्ये स्टॅनली वे यांनी रुळवलेली शस्त्रक्रिया भयंकर होती. अख्खा व्हल्वा आणि दोन्ही जांघांतल्या ग्रंथी एका सलग तुकड्यात काढत. तिनं जीव वाचवले हे निर्विवाद. पण जखमा उसवत, आठवडेच्या आठवडे इस्पितळात पडून राहावं लागे, पुढे पाय कायमचे सुजत. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी ‘नको’ म्हटलं तर नवल नाही.

ते दिवस गेले. आता गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी त्वचा काढतात, जांघेसाठी वेगळा छेद घेतात, आणि गाठ लहान असेल तर जांघेतल्या सगळ्या ग्रंथी न काढता आजार सगळ्यांत आधी जिथं पोचतो ती ‘पहारेकरी’ ग्रंथी तेवढी शोधून तपासतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहारेकरी ग्रंथी स्वच्छ निघालेल्या आणि एकच गाठ असलेल्या बायकांपैकी अवघ्या २.३ टक्के जणींत आजार जांघेत उलटला. पायाला कायमची सूज येण्याचं प्रमाण सगळ्या ग्रंथी काढलेल्यांत २५.२ टक्के होतं, फक्त पहारेकरी ग्रंथी काढलेल्यांत १.९ टक्के. मात्र याला अट आहे. गाठ चार सेंटिमीटरच्या आत हवी आणि जांघेतल्या ग्रंथी हाताला लागता कामा नयेत. थोडक्यात, बाई वेळेत यायला हवी. आजार जागच्या जागी असताना उपचार झालेल्यांपैकी पाच वर्षांनी ८५ टक्क्यांच्या आसपास बायका हयात असतात. जांघेत पोचल्यावर हे प्रमाण निम्म्यावर येतं. तेव्हा ‘या वयात नको’ म्हणणारे लोक म्हातारीला शस्त्रक्रियेपासून वाचवत नाहीत. ते तिची लहान शस्त्रक्रिया चुकवतात आणि मोठी ओढवतात. आणि न कापता ‘सुखानं राहणं’ म्हणजे काय, तेही एकदा स्पष्ट बोलू. जखम पसरते, चिघळते, लघवीची धार लागली की आग होते, बसता येत नाही, वास येतो. वास येतो म्हणून नातवंडं जवळ येत नाहीत, आणि त्याचं कारण आजी कुणाला सांगत नाही.

हे झालं खंडन. आता माझं म्हणणं काय?

महाराष्ट्रानं स्त्रियांच्या कॅन्सर-तपासणीत जगाला दिलेलं काम लहान नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासानं २००९ मध्ये दाखवून दिलं की एचपीव्हीची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटाच्या डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासात, व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सरकारी कार्यक्रमात हीच तपासणी ३० ते ६५ वयासाठी आहे. गर्भाशयमुखासाठी ही वयोमर्यादा रास्तच. पण तिचा एक आनुषंगिक परिणाम कुणी मोजत नाही: टेबलावर चढण्याचं शेवटचं सरकारी निमित्त पासष्टीला संपतं, आणि व्हल्वाचा कॅन्सर जोरात येतो तो त्यानंतर.

म्हणून व्हल्वासाठी गावोगाव शिबिरं भरवा, असं मी म्हणत नाही. या आजारासाठी सरसकट तपासणीची कुठलीही चाचणी नाही, आणि इतक्या दुर्मीळ आजारासाठी लाखो बायकांना टेबलावर चढवणं शहाणपणाचं नाही. मागणी याहून पुष्कळ साधी आहे. ज्या बाईची व्हिनेगरची तपासणी होतेच आहे, तिच्या योनीत स्पेक्युलम घालण्याआधी बाहेरची त्वचा दोन बोटांनी बाजूला करून नीट पाहा. पांढरं, लाल, जाड, खरबरीत, जखम, गाठ, काही आहे का. मिनिटभराचं काम आहे. आज ते मिनिट सगळेजण ओलांडून थेट आत जातात. आशाताई घरोघरी जी प्रश्नावली भरतात तिच्यात स्तनातली गाठ आहे, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव आहे, दुर्गंधी असलेला स्राव आहे. तिच्यात ‘बाहेरच्या जागी महिनाभराहून जास्त खाज, जखम किंवा गाठ’ ही एक ओळ घाला, आणि ती साठीच्या पुढच्या बाईला आवर्जून विचारा. पहिल्या ट्यूबनं खाज गेली नाही किंवा जाऊन परत आली, तर जागा पाहिल्याशिवाय दुसरी ट्यूब लिहू नका. लायकेन सापडला तर ‘बरं वाटतंय ना?’ एवढ्यावर न भागवता वर्षातून निदान एकदा पाहा, बाई ऐंशीची झाली तरी.

आणि संशय आला तर बायोप्सी. या शब्दाला आपल्याकडे उगाचच ऑपरेशनचा दरारा चिकटलाय. ‘बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो’ हे तर घरोघरचं शास्त्र. त्याला काडीचा आधार नाही. प्रत्यक्षात चट्ट्याच्या कडेला बारीक सुईनं भूल देतात, पेनाच्या जाडीचं एक गोल धारदार हत्यार त्वचेवर टेकवून फिरवतात, चारेक मिलिमीटरचा तुकडा उचलतात, लागला तर एक टाका घालतात. बाई स्वतःच्या पायांनी घरी जाते. बायोप्सीचे रिपोर्ट बहुतेक साधे येतील, यावर पैज लावायला मी तयार आहे. यावर कुणी म्हणेल, मग एवढ्या साध्या रिपोर्टांसाठी खटाटोप का? कारण त्या साध्या रिपोर्टांतच लायकेन असतो, आणि त्याचं नाव कळणं म्हणजेच नातवाच्या दुकानाच्या फेऱ्या थांबणं.

शेवटी नेहमीची सबब येते: ‘आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका तपासू देत नाहीत.’ त्यांना विचारलं कुणी? मुंबईच्या त्याच अभ्यासात तपासणी केली ती दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या वस्तीतल्या बायकांनी. त्यांनी दारात जाऊन समजावलं, बोलावलं, आणि बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के जणी आल्या. चौसष्टाव्या वर्षी टेबलावर येणारी बाई पासष्टाव्या वर्षी अचानक लाजाळू होते, असं मानायला काही कारण दिसत नाही. अडचण लाजेपेक्षा गुडघ्यांची जास्त असते. तपासणीचं टेबल उंच, पायरी डुगडुगती, आणि दोन्ही पाय फाकवून वर अडकवणं संधिवाताच्या बाईला जमतच नाही. मग तिनं ‘नको गं’ म्हटलं की आपण कागदावर ‘तपासणीस नकार’ लिहितो. तिला डाव्या कुशीवर निजवा, गुडघे पोटाशी घ्यायला सांगा, वरचा पाय परिचारिकेला धरू द्या आणि मागच्या बाजूनं बॅटरीच्या उजेडात पाहा. सगळं दिसतं.